व्हिएन्नाच्या वर्गातील नाताळ

नाताळ हा मुलांचा सण आहे असे आपण सारेच म्हणतो. परंतु ह्या सणात मुले नेमके काय करतात, नुसतेच घेतात की काही देतातही, असे कोणी पूर्वी विचारले असते तर आम्ही निरुत्तर झालो असतो. मराठी शाळेत तीस वर्षे शिक्षकी करूनही हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. २०२३ सालच्या हिवाळ्यात ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे राहण्याचा योग आला, आणि तेथील एका प्राथमिक शाळेतील लहान मुलांनी आम्हांस ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त त्या शहरी स्थायिक झाले आहेत. खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यातून आम्ही उभयतां निघालो, ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ३ डिसेंबरला, मुलाच्या घरी पोहोचलो. त्या दिवसांत तेथे दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. काळोख लवकर, थंडी कडक, आणि खिडक्यांखिडक्यांतून दिवे. नात नऊ वर्षांची. तिला मराठी समजते, परंतु उत्तर मात्र ती जर्मन भाषेत देते. तेव्हा आमचे संभाषण निम्मे शब्दांनी व निम्मे हातवाऱ्यांनी चाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला शाळेत पोहोचविण्यास गेलो. आम्ही शिक्षक होतो हे समजताच वर्गाच्या बाईंनी आम्हांस आग्रहाने आत बोलाविले. मेजावर हिरव्या डहाळ्यांचे एक चक्र ठेवलेले होते व त्यावर चार मेणबत्त्या. एका मुलाने त्यांपैकी एक पेटविली, वर्गातील दिवे मालविले गेले आणि सर्वांनी एक गीत म्हटले. आगमनकाळाच्या प्रत्येक आठवड्यास एक ज्योत वाढवावयाची, असा हा परिपाठ आहे.

ह्या चक्राची कथा ऐकण्यासारखी आहे. १८३९ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी योहान हिन्‍रिश विशेर्न नावाचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक निराधार मुलांचा एक आश्रम चालवीत असत. नाताळ केव्हा येणार, असे मुले रोज विचारीत. तेव्हा त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर चार मोठ्या व वीस लहान मेणबत्त्या बसविल्या, आणि मुलांना ज्योतींनी दिवस मोजावयास शिकविले. पुढे ही प्रथा आपल्या कॅथलिक मंदिरांतही आली. आज वेदीजवळ जे चक्र आपण पाहतो, त्याचा उगम अशा पोरक्या लेकरांच्या उतावीळपणात आहे, हे आम्हांस त्या दिवशी प्रथमच कळले.

वर्गाच्या भिंतीवर युरोपचा एक मोठा नकाशा टांगला होता. त्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांची घराणी अन्य देशांतून आलेली. बाईंनी त्यांना एक काम नेमून दिले होते. प्रत्येकाने नेमल्या दिवशी आपल्या घरचा नाताळ वर्गात आणावयाचा. ज्यांच्या घरी नाताळ नाही त्यांनी आपल्या सणातले काही आणावयाचे. अट एवढीच की, आणलेली वस्तू बाजारातली नसावी, आणि ती दुसऱ्यास देता यावी.

त्या सायंकाळी नात घरी आली ती खिन्न होऊन. कोट न काढताच ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “आजोबा, माझ्याजवळ आणावयास काहीच नाही.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मुलाच्या घरी खिडकीत जो तारा लागला होता तो दुकानातला, केक दुकानातला, आणि गोठाही खोक्यातून आलेला. परंतु मुलास दोष देण्यास आमची जीभ उचलेना. आमच्या स्वतःच्या घरी तरी निराळे काय होते? एके काळी आम्ही बांबूच्या कामट्या तासून, पतंगी कागद खळीने चिकटवून तारा करीत होतो. आता प्लास्टिकचा तारा माळ्यावरून काढावयाचा, झटकावयाचा व टांगावयाचा, एवढेच काम उरले होते. करंज्या विकतच्या आल्या. आणि शेजारच्या घरी नाताळचे जे ताट जात असे, तेही बंद पडले होते. त्याविषयी पुढे सांगू.

त्यानंतरचे काही दिवस नात रोज एकेका देशाची वार्ता घरी घेऊन येऊ लागली. ४ डिसेंबरला संत बार्बराचा सण. त्या दिवशी बाईंनी चेरीच्या झाडाच्या निष्पर्ण डहाळ्या आणून पाण्यात ठेवल्या. नाताळपर्यंत त्यांना फुले येतात, अशी तेथील जुनी रीत आहे. ६ डिसेंबरला संत निकोलस बिशपांचा पोशाख करून कोणी वडीलधारे वर्गात आले व त्यांनी अक्रोड, संत्री वाटली. त्या देशी नाताळच्या भेटी लाल डगलेवाला म्हातारा आणीत नाही, येशू बाळच आणतो, अशी मुलांची श्रद्धा. येशू बाळाला पत्र धाडावयाचे तर त्यासाठी टपालघरही आहे. श्टायर शहरालगत क्रिस्टकिंडल ह्या नावाचेच गाव असून तेथे १९५० सालापासून नाताळच्या दिवसांत खास टपालघर उघडते.

इटलीतील बेर्गामो नगरीहून आलेल्या घराण्यातील एका मुलीने मातीचे येशू बाळ स्वतःच्या हाताने घडवून आणले होते. त्या वर्षी ह्या विषयास विशेष औचित्य होते. संत फ्रान्सिस ह्यांनी १२२३ साली ग्रेच्चो ह्या डोंगरी गावात बैल, गाढव व गवताने भरलेली गव्हाणी मांडून नाताळची मिस्सा साजरी करविली, त्या घटनेस २०२३ साली बरोबर ८०० वर्षे झाली. आज घरोघर गोठा करण्याची जी रीत आहे तिचे मूळ त्या रात्रीत सापडते. रोममध्ये तर आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मुले आपापल्या घरच्या गोठ्यातील येशू बाळाची मूर्ती हाती धरून संत पेत्राच्या चौकात जमतात, आणि पोपमहाशय खिडकीतून त्या मूर्तींना आशीर्वाद देतात. मूर्ती घरच्या, आशीर्वाद साऱ्या ख्रिस्तसभेच्या वडिलांचा, आणि ने-आण करणारी मुले!

ह्याच मुलीने संत लुसीची गोष्ट सांगितली. तिच्या गावाकडे १२ डिसेंबरच्या रात्री संत लुसी गाढवावर बसून भेटी घेऊन येते. मुले झोपण्यापूर्वी त्या गाढवासाठी खाणे ठेवतात. हे ऐकताच वर्गातील स्वीडनची मुलगी ओरडली, “लुसी आमची आहे!” त्यावर दोघींचा थोडा वादही झाला. वस्तुतः लुसी ही सिसिली बेटावरील सिराकुझा येथील कुमारी. चौथ्या शतकाच्या आरंभी ती रक्तसाक्षी झाली. स्वीडन हा शेकडो वर्षे लुथरपंथी देश. तेथे संतांचे सण बहुतेक लोपले. परंतु १३ डिसेंबरच्या पहाटे आजही तेथील शाळांतून एक मुलगी पांढरा झगा घालून, कमरेस लाल पट्टा बांधून, मस्तकी ज्योतींचा मुकुट धारण करून येते. तिच्यामागे पांढऱ्या पोशाखातील मुली, निमुळत्या टोप्या घातलेले तारावाले मुलगे, आणि सर्वांना वाटावयास केशर घातलेले पाव. लहान मुलांच्या मुकुटात आता बहुधा मेणबत्त्यांऐवजी विजेचे दिवे असतात. भूमध्य समुद्रातील एका बेटाची संत उत्तरेच्या त्या अंधाऱ्या देशात टिकली, ती अशी मुलांच्या मस्तकावर बसून.

बाईंनी तो वाद कसा मिटविला, हे आम्हा शिक्षकास फार आवडले. १३ तारखेस सकाळी त्यांनी इटलीच्या मुलीच्या मस्तकी मुकुट ठेवला, आणि स्वीडनच्या मुलीस पाव वाटावयास सांगितले.

त्याच दिवशी दुपारी नात एक बशी घेऊन घरी आली. बशीत ओला कापूस व त्यावर गव्हाचे दाणे. क्रोएशियातील घराण्याच्या एका मुलाने गहू आणून साऱ्या वर्गाकडून पेरवून घेतला होता. क्रोएशियात संत लुसीच्या सणाला बशीत गहू पेरतात. नाताळपर्यंत तो वीतभर वाढतो. मग त्यास रंगीत फीत बांधून मध्ये मेणबत्ती लावतात. गहू दाट आला तर येते वर्ष सुबत्तेचे, असे तेथील शेतकरी मानीत. हंगेरीतही हीच रीत आहे, आणि फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात तो संत बार्बराच्या दिवशी तीन बशांत पेरतात.

आमच्या सौभाग्यवतींनी ती बशी पाहिली मात्र, हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून त्या पुढे आल्या. “अग बाई, ही तर आपली नाचणी!” त्या म्हणाल्या.

वाचकांना ह्याचा उलगडा करून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे गोव्यापासून वसईपर्यंत गोठ्यात हिरवी शेते दाखविण्यासाठी मुले करवंटीत अगर पत्र्याच्या डब्यात नाचणी, भात, गहू पेरीत आली आहेत. आमच्या लहानपणी कोणाची नाचणी अधिक उंच, ह्यावरून पैजा लागत. ज्या मुलीजवळ काहीच नव्हते तिला आजीने तिचा वारसा असा एका वाक्यात दिला.

त्याच सायंकाळी आम्ही हिंदी वाणसामानाच्या दुकानातून नाचणी व एक नारळ विकत आणला. (दाणे विकतचे, परंतु पेरणी घरची, असे नातीने बाईंना आधीच सांगून टाकले!) नाचणी भिजविली, करवंटीत माती घालून पेरली, आणि ऊब मिळावी म्हणून आम्ही ती घर तापविण्याच्या यंत्रावर नेऊन ठेवली. हा शहाणपणा आमचा. तिसऱ्या दिवशी पाहतो तो माती कोरडी ठणठणीत, आणि एकही अंकुर नाही. नात काही बोलली नाही, परंतु तिने आमच्याकडे जे पाहिले ते आम्ही विसरलो नाही. आजीने दुसरी करवंटी पेरली, ओले फडके झाकले व ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. शाळेचा शेवटचा दिवस २२ डिसेंबर. तोवर नाचणी वीतभर काय, बोटभरही झाली नाही. जेमतेम पेरभर उगवली. परंतु हिरवी होती. नातीने ती दोन्ही हातांत धरून नेली.

त्या दिवशी पालकांनाही निमंत्रण होते. वर्गाने एक मोठा गोठा केला होता. क्रोएशियाचा गहू एका बाजूस, आणि नातीची करवंटी गव्हाणीच्या अगदी पुढे. तिने मोडक्यातोडक्या मराठीत व मग जर्मन भाषेत सांगितले, “आमच्या गावी हे शेत असते. मेंढपाळ ह्यातून चालत येतात.” तुर्की घराण्यातील एका मुलाने घरी पिशवीत बांधून आणलेले सुके अंजीर सर्वांना वाटले. बार्बराच्या डहाळीवर एकच फूल उमलले होते, तेही सर्वांनी पाहिले.

शेवटी पोलंडच्या मुलाची पाळी. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या सायंकाळच्या जेवणास फार मान आहे. मुले खिडकीशी उभी राहून पहिला तारा शोधतात. तो दिसल्यावाचून कोणी जेवावयास बसत नाही. मेजावरील कापडाखाली गव्हाणीची आठवण म्हणून गवत पसरलेले असते. जेवणाआधी पातळ, पांढरी, येशूजन्माचे चित्र उमटविलेली पोळी घेऊन प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडतो व त्यास शुभ चिंतितो. ही पवित्र कम्युनियनची भाकर नव्हे, साधी बेखमिरी पोळी होय. परंतु ती मोडताना मनातील अढी ठेवू नये, अशी रीत आहे. तेथील शाळांतूनही सुट्टी लागण्यापूर्वी वर्गावर्गांत मुले ही पोळी वाटून घेतात. १९६१ साली साम्यवादी राजवटीने कायद्याने धर्मशिक्षण तेथील शाळांतून बाहेर काढले. ते १९९० साली परत आले. मधल्या त्या काळात घरच्या मेजाभोवती मुलांनी तारा शोधावयाचे व पोळी मोडावयाचे सोडले नाही.

त्या मुलाने सांगितले की, मेजावर घरच्या माणसांपेक्षा एक ताट अधिक मांडतात. अवचित कोणी पाहुणा आला तर त्यास जागा असावी म्हणून.

नातीने विचारले, “कधी कोणी आले का?”

“अजून नाही,” तो म्हणाला. “पण मांडतात.”

मुले एकमेकांच्या पोळ्या मोडू लागली. एका मुलाने आमच्यापुढेही हात केला. आम्ही तुकडा मोडून घेतला खरा, परंतु आमचे चित्त ठिकाणावर नव्हते. ते दूर खानापूर तालुक्यातील एका उंबऱ्यावर जाऊन थांबले होते.

आमचे शेजारी धर्माने हिंदू. दोन पिढ्या त्यांच्या घरचा दिवाळीचा फराळ आमच्याकडे व आमचे नाताळचे ताट त्यांच्याकडे जात असे. शेताच्या बांधावरून बोलाचाली झाली, शब्दास शब्द लागला, आणि सहा वर्षे झाली, ताट बंद पडले. चूक त्यांची की आमची हा प्रश्न येथे नको. एवढे मात्र खरे की, कोण्या अनोळखी पाहुण्यासाठी ताट मांडणारे लोक तिकडे आहेत, आणि ओळखीच्या शेजाऱ्याचे ताट आम्ही काढून घेतले होते.

नाताळ झाला. त्या रात्री मिस्सेत जे शांत गीत साऱ्या जगात गातात ते ह्याच देशातले. योसेफ मोर ह्या तरुण धर्मगुरूंनी शब्द रचले, आणि फ्रान्झ झावर ग्रुबर ह्या खेड्यातील शाळामास्तरांनी चाल लाविली; २४ डिसेंबर १८१८ रोजी ओबेर्नडॉर्फच्या मंदिरात दोघांनी ते गिटारीच्या साथीने प्रथम गायिले. व्यवसायबंधू ह्या नात्याने आम्हांस त्याचा थोडा अभिमान वाटला, तो वाचकांनी क्षमा करावा.

परंतु तेथील मुलांचा सण नाताळला संपत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुले तीन राजांचा वेष करून, काठीवर तारा घेऊन घरोघर गात फिरतात. दारावरच्या चौकटीवर खडूने ते साल व मध्ये तीन अक्षरे लिहितात. ख्रिस्त ह्या घरास आशीर्वाद देवो, अशा लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरे होत. राजांच्या हाती दानपेटी असते. हे जुनेच कार्य ऑस्ट्रियाच्या कॅथलिक बालसंघटनेने १९५४ सालच्या हिवाळ्यापासून मिशनकार्याशी जोडले. पहिले दान युगांडातील मिशनसाठी मोटारसायकल घेण्यास दिले गेले. १९५९ पासून जर्मनीतही तसेच सुरू झाले, आणि आजवर तेथील मुलांनी शंभर कोटी युरोंहून अधिक रक्कम जगातील गरीब मुलांसाठी गोळा केली आहे. २०१८ साली जर्मनीच्या ह्या मुलांनी ज्या देशातील बालमजुरीविरुद्ध विशेष आवाज उठविला, तो देश भारत होता.

आमची नातही त्या वर्षी राजा झाली. पूर्वी तीनांपैकी एका राजाचे तोंड काळे रंगवीत. ती रीत आता संयोजकांनी बहुतेक ठिकाणी सोडविली आहे. नातीस ह्याचे फार समाधान वाटले, कारण तिला नुसता राजा व्हावयाचे होते, दूरदेशीचा राजा नव्हे. आम्ही त्या टोळीच्या मागे मागे जिने चढलो. पुष्कळ दारे उघडलीच नाहीत. चौथ्या मजल्यावर एक अति वृद्ध बाई एकट्याच राहत होत्या. मुलांनी गीत म्हटले. बाईंनी ते पुन्हा म्हणावयास सांगितले. मग त्यांनी एक तिवई आणून दिली व नातीने तीवर चढून चौकटीवर खडूने लिहिले. गेल्या वर्षीची पुसट अक्षरे खाली दिसत होती. बाई म्हणाल्या की, वर्षाकाठी ह्या दारी आपण होऊन येणारी हीच मुले.

६ जानेवारीला आम्हांस गोव्याची आठवण झाली. त्याच दिवशी चांदर, कासावली, रेईश मागूश येथे तीन राजांचा सण होतो, राजाचा मुकुट मुलांच्या मस्तकी चढतो आणि गावेच्या गावे त्यांच्यामागे चालतात. हजारो कोस दूर असले तरी मार्ग तोच, तारा तोच.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ह्या सर्व देशांत मुले घेतात, ह्यात शंका नाही. परंतु जी रीत टिकली, ती मुलांनी दुसऱ्याच्या हाती काही दिले म्हणून टिकली: पाव, पोळीचा तुकडा, चिमूटभर गहू, चौकटीवरचा खडू. नुसत्या घेण्याच्या नाताळास दुकान पुरेसे आहे. देण्याच्या नाताळास दुसऱ्याचे दार लागते.

आम्ही गावी परतलो. २०२४ च्या डिसेंबरात घरी करंज्या केल्या, कामट्यांचा तारा केला. तो किंचित वाकडा झाला. २५ तारखेस सकाळी मिस्सेहून आल्यावर आम्ही ताट भरले, त्यावर विणलेला रुमाल झाकला, आणि कोणा मुलाच्या हाती न देता स्वतःच शेजारच्या दारी गेलो. शेजारीणबाईंनी दार उघडले. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग “या, बसा” म्हणाल्या. चहा झाला. बांधाचा विषय कोणीच काढला नाही, आणि तो प्रश्न सुटलेलाही नाही. परंतु सायंकाळी त्यांचा नातू ताट परत घेऊन आला तेव्हा ते रिकामे नव्हते. आपल्या चालीप्रमाणे त्यात मूठभर साखर होती.

त्याच रात्री व्हिएन्नाहून नातीचा फोन आला. ह्या खेपेस तिने नाचणी १३ तारखेसच पेरली होती, आणि यंत्रापासून दूर ठेविली होती. ती बोटभर झाली, हे तिने आम्हांस दोनदा सांगितले, आणि दोन्ही वेळा मराठीत.